भिंतीतलं कणज

आमच्या जुन्या घराच्या सोप्यात मधोमध सागवानी तुळई आहे. चतुर्थीला गणपती बसतो तो बरोबर तिच्या खाली. आजोबांच्या आधीपासून तिथंच बसतो, त्यामुळे जागा बदलायचा प्रश्न नाही. यंदा चतुर्थीला पंधरा दिवस असताना घर उघडायला गेलो, तर तुळईच्या पोटाला गांधीलमाश्यांचं पोळं लोंबत होतं. तळहाताएवढं, राखाडी, उलट्या टांगलेल्या कमळाच्या बोंडासारखं. त्यावर पंचवीस-तीस माश्या पंख दुमडून गप्प बसलेल्या.

घर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढे. आंबे-काजू संपले की जुनं घर बंद होतं. आबा आणि काकू परसात बांधलेल्या स्लॅबच्या दोन खोल्यांत राहतात. मी बेळगावात असतो, उद्यमबागेतल्या एका मशीनशॉपमध्ये. कणकुंबीच्या अंगाचा पाऊस एकदा धरला की आबासुद्धा पुढच्या दारी फिरकत नाहीत. तीन महिने घर या माश्यांच्याच नावावर असतं म्हणायचं.

मी तुळईकडे बघत उभा होतो तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या अव्वांची हाक आली. अव्वा लग्न होऊन बैलहोंगलकडून आलेल्या. पन्नास वर्षं झाली, मराठी सगळं समजतं, पण बोलायचं ते कन्नडच. गोठ्याकडे हात करून म्हणाल्या, "ग्वाड्याग कणज ऐती, नोडकोरी."

माझं कन्नड कारखान्यातलं. स्पॅनर, पगार आणि चहापुरतं. ग्वाडी म्हणजे भिंत, कणज म्हणजे धान्याचं कोठार, आपली कणगी, नोडकोरी म्हणजे बघून घ्या. पूर्वी गोठ्याच्या त्या कोपऱ्यात आमची भाताची कणगी होतीच. म्हातारीला जुनं काहीतरी आठवलं असेल असं वाटून मी "हौद्री, हौद्री", हो हो, म्हणून मोकळा झालो. हे मला पुढं चांगलंच भोवणार होतं.

आबांची पद्धत ठरलेली. लांब बांबूच्या टोकाला जुनं धोतर गुंडाळायचं, डिझेलमध्ये बुडवायचं, पेटवून पोळ्याला लावायचं. "आमी असंच करत आलोय गा, पाच मिन्टाचं काम." दुपारचे बारा वाजले होते. मला संध्याकाळी परत निघायचं होतं, म्हणून मीही हो म्हटलं. चुलतभाऊ शिडीवर चढला. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायात स्लीपर.

खरं तर यातली एकेक गोष्ट चुकीची होती. दुपारी निम्म्या माश्या बाहेर शिकारीला गेलेल्या असतात. पोळं पेटवलं की घरातल्या उसळतात आणि बाहेरच्या परत येऊन हल्ल्यात सामील होतात. शिडीवरच्या माणसाचे दोन्ही हात अडकलेले, त्याला पळता येत नाही. वर शंभर वर्षांचं लाकूड, आणि त्यावर तीन महिन्यांची जळमटं.

जळमटांनी पेट घेतला. पेटत्या चिंधीचा एक तुकडा सुटून खाली पडला, तो काकूंनी बादलीभर पाणी ओतून विझवला. मी तुळईवर पाणी मारलं. तेवढ्यात चुलतभावाला चार ठिकाणी डंख बसले: एक भुवईच्या वर, एक कानामागे, दोन दंडावर. त्यानं दंडावरची माशी थापटीनं चिरडली आणि आणखी तीन त्याच हातावर येऊन बसल्या. गांधीलमाशी चिरडली की तिच्या विषाचा वास सुटतो, आणि पोळ्याजवळच्या बाकीच्या माश्यांना तो वास म्हणजे धावून या अशी हाकच असते. हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त "अयाऽऽ" आणि शिडीवरून मारलेली उडी एवढंच ऐकू आलं. पाय मुरगळला तो वेगळाच.

पोळं निम्मं जळलं आणि निम्मं तसंच राहिलं. तासाभरात माश्या पुन्हा त्या काळ्या पडलेल्या अर्ध्या पोळ्यावर येऊन बसल्या.

इकडे सोप्यात औषधोपचार सुरू. आबा खुरपं घेऊन डंखावर लोखंड घासायला लागले. काकू चुन्याची डबी घेऊन आल्या. दंडावर ठीक आहे, पण भुवईवर चुना लावू देईना मी. घामाबरोबर चुना डोळ्यात उतरला तर डोळाच जाळतो, त्यापुढे माशीचा डंख काहीच नाही. साबणानं धुतलं, फडक्यात बर्फ बांधून धरला. तासाभरात डोळा मिटून गेला, कान मुरांब्यातल्या फोडीसारखा फुगला. डंख शोधून काटा काढायचा म्हणून काकू चष्मा लावून बसल्या होत्या, पण काटा सापडला नाही. मधमाशीच्या काट्याला उलटी दातरी असते, तो कातडीत अडकून राहतो. गांधीलमाशीचा काटा तसा अडकत नाही. ती काढते आणि पुन्हा खुपसते.

गावातल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि आधी चुलतभावाला पुन्हा पुन्हा विचारलं: घसा आवळल्यासारखं होतंय का, जीभ जड वाटते का, अंगभर गांधी उठल्यात का, गरगरतंय का? (अंगावर उठतात त्या गांधी आणि ही गांधीलमाशी, नाव कुठून आलं असेल याचा विचार मी तिथं बाकावर बसून करत होतो.) यातलं काहीही झालं तर घरगुती उपायात एक मिनिट घालवायचं नाही, १०८ला फोन लावायचा. अशा वेळी ॲड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं आणि ते मिनिटांच्या हिशोबात लागतं. एखाद्याला एकाच डंखानं असं होऊ शकतं. आणि मोठ्या जातीच्या माश्यांनी पुष्कळ डंख मारले असतील, तर वरून माणूस बरा दिसला तरी दाखल व्हायचं. विषाचा ताण मूत्रपिंडावर एक-दोन दिवसांनीही दिसतो, लघवी चहाच्या रंगाची होते. "शिडीवर कोण चढवलं याला?" असंही विचारलं. आबा खिडकीतून बाहेर बघत राहिले.

पुढच्या रविवारी मी तयारीनं आलो. पण आल्याआल्या काही केलं नाही. सोप्याच्या पायरीवर खुर्ची टाकून चहा घेत नुसता बसलो. पुतण्या म्हणाला, "काका, काय करूलासा?" म्हटलं, बघूलोय.

जुन्या घराला तीन पोळी होती. एक तुळईचं, जळकं. एक वळचणीखाली, वाशाला. एक परसात कारल्याच्या मांडवाला, लिंबाएवढं. तिन्हीकडची माशी एकच: तांबूस तपकिरी, कमरेत बारीक, पोटावर पिवळी कड. पोळ्याला वरून झाकण नाही, घरं उघडी. सगळं पोळं एका काळ्या चकचकीत देठावर तोललेलं. मुंग्या वर चढू नयेत म्हणून त्या देठाला एक पदार्थ फासत असतात. या माशीचं शास्त्रीय नाव रोपालिडिया मार्जिनाटा. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी वर्षानुवर्षं हिच्यावरच काम केलंय. त्यांच्या लिखाणातली एक गोष्ट आमच्या कामाची निघाली. इंटरनेटवर बघावं तिथं सल्ला असतो की थांबा, हिवाळ्यात पोळं आपोआप मरतं. ते थंड देशांतलं. आपल्याकडे ही माशी बाराही महिने पोळी करते. दिवाळीपर्यंत थांबलो असतो तर तुळईला एकाऐवजी दोन दिसली असती.

अकराच्या सुमारास वळचणीच्या पोळ्यावर एक मोठी माशी आली. बोटाच्या पेराएवढी, काळी, पोटावर रुंद नारिंगी-पिवळा एकच पट्टा. आवाजच वेगळा, बारक्या पंख्यासारखा. मला वाटलं आता जुंपणार. पण लहान माश्यांनी थोडी फडफड केली आणि सगळ्याच्या सगळ्या उठून शेजारच्या वाशावर जाऊन दाटीनं बसल्या. मोठी पोळ्यावर उतरली. एकेका घरात डोकं घालून तिनं अळी ओढली, पुढच्या पायांत धरून चावून चावून तिचा गोळा केला आणि घेऊन गेली. दहा मिनिटांनी पुन्हा आली. मालकिणी हातभर अंतरावरून नुसत्या बघत होत्या.

तिसऱ्या खेपेला मी उठून ती जाते कुठं ते बघितलं. सरळ गोठ्याकडे. गोठ्याच्या मागच्या मातीच्या भिंतीत, वाशाच्या खाली, नारळाच्या करवंटीएवढं भोक होतं आणि त्यातून तसल्याच माश्या ये-जा करत होत्या. मिनिटाला सात-आठ. खाली, दोन हातांवर, म्हशीची दावण.

कुंपणापलीकडे अव्वा धुणं वाळत घालत होत्या. माझ्याकडे बघितलं, भोकाकडे बघितलं. "नां हेळिद्नल्ला," म्हणाल्या. मी सांगितलं होतं की नाही!

कन्नडमध्ये गांधीलमाशीला कणज म्हणतात. कोठारालाही कणज आणि माशीलाही कणज. आठवडाभर काकू त्या भिंतीला पाठ लावून म्हैस पिळत होत्या.

आबा लगेच म्हणाले, सिमेंट कालवतो, भोक बुजवतो. मी त्यांना तिथून बाजूला नेलं आणि म्हशीला अव्वांच्या गोठ्यात बांधलं. तुळईवरचं लहान पोळं मी काढू शकतो असं मला वाटत होतं. भिंतीतल्या या मोठ्या माश्यांना हात लावायचा नाही, याबद्दल मात्र मनात शंका नव्हती. आत किती आहेत ते दिसत नाही, आणि या माश्या पोळ्यापासून लांबपर्यंत पाठलाग करतात.

एका कार्यालयात फोन केला, त्यांनी दुसरा नंबर दिला. दुसऱ्यांनी पहिलाच नंबर दिला. शेवटी बेळगावातला एक पेस्ट कंट्रोलवाला यायला तयार झाला. त्याचा पहिला प्रश्न: "मधमाशी का गांधीलमाशी? मधाची असली तर मी मारत न्हाई, मधपाळाला बोलवा." सातेरी मधमाशीही अशाच भिंतीच्या पोकळीत राहते. मी सातेरी बघितलेली आहे. लहान असते, परतताना मागच्या पायांवर परागाचे पिवळे गोळे दिसतात. इथं तसं काही नव्हतं. तरी मोबाईलवर लांबून काढलेला फोटो पाठवून खात्री करून घेतली. दुसरा प्रश्न: "भोक बुजवलं न्हाई न्हवं?" नाही म्हटल्यावर त्यानं सुस्कारा सोडला. जिवंत पोळ्याचं तोंड बंद केलं की माश्या आतून दुसरी वाट काढतात. मातीच्या भिंतीत ती वाट गोठ्यात निघाली असती.

मंगळवारी अंधार पडल्यावर तो आला. डोक्यापासून पायापर्यंत पोशाख, चेहऱ्यावर जाळी. आम्हाला सगळ्यांना दार-खिडक्या लावून स्लॅबच्या खोलीत बसवलं. लांब नळीच्या भात्यानं भोकात भुकटी मारली, दोनदा. काम दहा मिनिटांचं, पैसे अठराशे. आबांना ते जड गेले, अजून बोलून दाखवतात. मेलेल्या माश्या खाली पडतील, तिथं कोंबड्या सोडू नका, त्या वेचून खातात, असं जाताना सांगितलं. तिथली वैरणही हलवली. दुसऱ्या दिवशी तुरळक ये-जा, चौथ्या दिवशी काहीच नाही. मग भोक माती-सिमेंटनं बुजवलं. त्या हप्त्यात म्हैस अव्वांच्याच गोठ्यात राहिली आणि सकाळचं दूधही तिकडंच काढलं जायचं, अर्धा शेर तिकडं ठेवून.

तुळईचं मी काढलं ते गुरुवारी रात्री, पावणेनऊला. बारीक पाऊस होता. तो चांगलाच, कारण पावसात आणि रात्री बहुतेक सगळ्या माश्या पोळ्यावरच असतात आणि थंडीनं सुस्तावलेल्या असतात. चिखलणीचे गमबूट, पँट आत खोचलेली. स्वेटर, त्यावर रेनकोट. शॉपमधले कातडी हँडग्लोव्हज, मनगटाला सुतळीनं बांधलेले. डोक्यावर हेल्मेट आणि त्यावरून मच्छरदाणीचा तुकडा, कडा कॉलरमध्ये खोचलेल्या. काकू म्हणाल्या, मुंडावळ्या तेवढ्या राहिल्या.

औषध म्हणून भांडी घासायचं लिक्विड. एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे, कुंड्यांवर पाणी मारायच्या नव्या हातपंपात. आबांना शेतातला पंप आणि शेतातलंच औषध वापरायचं होतं. ज्या सोप्यात पाच दिवस नैवेद्य ठेवायचा तिथं कोबीवरचं विष मारायला मी नाही म्हटलं. साबणाच्या पाण्यानं माशी दोन प्रकारे मरते: पंख भिजून उडता येत नाही, आणि अंगावरच्या श्वासाच्या बारीक छिद्रांत पाणी शिरतं. नुसतं पाणी असतं तर निथळून गेलं असतं. तुळईजवळून जुनी वायर गेलीय, त्यामुळे आधी मेन स्विच खाली केला. हे कुणी विसरू नये म्हणून मीच जाऊन केला.

शिडी नको होती. लग्नात पंगतीला वाढपी उभे राहतात तसलं रुंद बाकडं होतं, चार पाय पक्के. ते पोळ्याच्या बरोबर खाली न ठेवता हातभर बाजूला ठेवलं. खाली साबणपाण्याचीच मोठी बादली. पुढचं दार सताड उघडं, पळायची वाट मोकळी. टॉर्चला लाल पतंगी कागद बांधून तो लांब स्टुलावर ठेवला. हातात धरला नाही, कारण बिथरलेली माशी उजेडाच्या रोखानं येते. लाल उजेड त्यांना फारसा दिसत नाही. मुलं, कुत्रं, आबा, सगळे मागच्या खोलीत. फक्त चुलतभाऊ दाराशी उभा, एक डोळा अजून किलकिला.

पहिला फवारा मारला तेव्हा पोळ्यावरून एकदम "झर्र" असा आवाज झाला, वाळल्या पानांवर पाय पडावा तसा. मी बोट सोडलं नाही. सगळा पंप एका जागी उभं राहून रिकामा केला. ओल्या माश्या बादलीत पडू लागल्या, टप, टपटप, टप. काही फरशीवर पडून गोल फिरत राहिल्या. एक कशी कोण जाणे माझ्या बाहीवर आली. कोपरावरून दंडावर, दंडावरून खांद्यावर, आणि मग मच्छरदाणीवर, माझ्या उजव्या डोळ्यासमोर दोन बोटांवर. लाल उजेडात तिचं पोट आत-बाहेर होताना दिसत होतं. झटकायचं नाही, झटकायचं नाही, असं मी मनात म्हणत राहिलो. ती जाळीच्या छिद्रात एक पाय घालून थांबली, काढला, आणि खाली पडली.

मग पुट्टीच्या पत्तीनं देठ खरवडला. पोळं बादलीत पडलं, वर परात झाकली, परातीवर पाटा ठेवला. घड्याळात नऊ वाजायला चार मिनिटं कमी होती. रेनकोटच्या आत मी पावसापेक्षा जास्त भिजलो होतो.

सकाळी पुतण्यानं पोळं काडीनं उलटसुलट करून बघितलं. कागदासारखं हलकं, आणि खरोखर कागदच. जुन्या लाकडाचा भुसा लाळेत मळून केलेला. काही घरांच्या तोंडावर पांढऱ्या रेशमी टोप्या. दोन दिवस पाच-सहा माश्या तुळईच्या त्याच जागी घुटमळत होत्या, बहुधा त्या रात्री बाहेर राहिलेल्या. देठाची जागा साबणानं घासून काढली. तिसऱ्या दिवशी त्या दिसल्या नाहीत.

वळचणीचं पोळं त्या मोठीनंच रिकामं केलं होतं. नुसतं काठीनं पाडलं.

साफसफाईत आणखी एक प्रकार सापडला: स्विचबोर्डाच्या खाचेत आणि देव्हाऱ्याच्या मागे मातीचे लांबट गोळे. ही कुंभारीण. एकटी राहते, पोळ्याचं रक्षण करत बसत नाही, हातानं डिवचल्याशिवाय सहसा चावत नाही. तिला घाबरायचं कारण नाही. स्क्रूड्रायव्हरनं खरवडलं, झालं. एक गोळा फुटला तर आत हिरवे-करडे कोळी ठासून भरलेले. मेलेले वाटले, पण बोटानं ढकलल्यावर एकाचा पाय हलला. डंख मारून लुळे करून, अळीसाठी ताजे ठेवलेले असतात. काकूंनी ते बघितलं आणि त्या दिवशी देव्हाऱ्याकडे फिरकल्याच नाहीत.

कारल्याच्या मांडवाचं लहान पोळं आम्ही ठेवलं. आबांचा विरोध होता. पण तिथं कुणाचं येणं-जाणं नाही, आणि दोन दिवस बसून बघितलं तर त्या माश्या शेजारच्या कोबीच्या वाफ्यातून हिरव्या अळ्यांचे गोळे करून नेत होत्या. काकू म्हणाल्या, असू दे, फवारणी वाचते. लाल चिंधीची एक खूण तेवढी बांधली, म्हणजे कारली तोडणाऱ्याचा हात नेमका तिकडं जाणार नाही.

गणपती तुळईखालीच बसला. आरतीला अव्वा आल्या होत्या. मी त्यांना मोदक देताना म्हटलं, "कणज होयतु." गेलं एकदाचं. त्या वर तुळईकडे बघून हसल्या आणि बराच वेळ काहीतरी बोलल्या. या वेळी मी हौद्री म्हणालो नाही, चुलतभावाला अर्थ विचारला. गोठ्याच्या दुसऱ्या कोपऱ्यातही एकदा बघा, असं म्हणत होत्या.

बघितलं. तिथं काही नव्हतं, उंदरांची बिळं होती. पण विसर्जनानंतर घर बंद करायच्या आधी वाशांच्या आणि कौलांच्या मधल्या फटी, भिंतीतली भोकं, जुन्या कुलपाची खाच, सगळं दोन दिवस बसून बुजवलं. आता काकू पावसाळ्यात दर आठ दिवसांनी पुढच्या सोप्यात एक चक्कर मारणार आहेत. पोळं सुपारीएवढं असतं तेव्हा त्यावर एकच माशी किंवा दोन-तीन असतात. तेव्हाच रात्री काठीनं पाडलं की सगळा हा खटाटोप वाचतो.

कडी लावायला दाराशी आलो तर चौकटीवर एक तांबूस माशी बसली होती. तोंड लाकडाला लावून मागे मागे सरकत होती. कान जवळ नेला तर कुरतडल्याचा बारीक आवाज येत होता. तिच्या मागे चौकटीवर एक फिकट रेघ उठली होती, नखानं ओढल्यासारखी. लाकूड तोंडात धरून ती उडाली ती कारल्याच्या मांडवाकडे. मी कडी लावली.